मुरुडशेंगेच्या हरितलवकाचा जीनोम: रानातल्या पानापासून जेनबँकेपर्यंत

बाळगुटीत उगाळली जाणारी मुरुडशेंग विदर्भातल्या घरांना परिचित आहे. तिचे झुडूप मात्र फार कमी जणांनी निरखून पाहिलेले असते. नागपूर जिल्ह्यातल्या सागवानी, पानझडी रानात ते ठिकठिकाणी वाढते. पाने खरखरीत आणि कडेला दातेरी, फुले लालभडक आणि पुढे निळसर-करडी पडणारी, फळ दोरीसारखे पिळलेले. शास्त्रीय नाव हेलिक्टेरिस आयसोरा. या झुडपाच्या हरितलवकाचा, म्हणजे पानाला हिरवा रंग देणाऱ्या पेशीघटकाचा, संपूर्ण जीनोम (सगळा डीएनए अनुक्रम) कसा वाचायचा, हे या लेखात पायरीपायरीने सांगतो. पद्धत धायटी, निरगुडी, तरवड अशा कोणत्याही रानझुडपाला लागू पडते. मुरुडशेंग मुद्दाम निवडली, कारण ती अवघड आहे. तिच्या पानातला चिकटा ज्याने हाताळला, त्याला बाकीची झुडपे सोपी जातात.

लेख एमएस्सी-पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी आणि महाविद्यालयांतल्या शिक्षकांसाठी आहे. सेंट्रिफ्यूज, वॉटर बाथ, जेलची पेटी आणि एक बरा संगणक एवढे असले की काम सुरू करता येते. सिक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएची अक्षरे यंत्राने वाचणे, आता पैसे देऊन बाहेरून करून मिळते आणि वाचलेले तुकडे जोडून पूर्ण अनुक्रम बनवणारे जुळणीचे सॉफ्टवेअर फुकट आहे. तुमच्या हातात खऱ्या अर्थाने तीनच गोष्टी उरतात: कोणते पान तोडले, डीएनए किती स्वच्छ काढला आणि आलेला निकाल किती कसून तपासला. जीनोमची किंमत या तिन्हींवर ठरते, म्हणून लेखाचा बराचसा भाग त्यांनाच दिला आहे.

आधी थोडी ओळख

हरितलवकाला स्वतःचा डीएनए असतो. बहुतेक जमिनीवरच्या वनस्पतींमध्ये तो १,२०,००० ते १,७०,००० अक्षरांचा (ए, टी, जी, सी या बेसांचा) असतो आणि नकाशात वर्तुळाकार दाखवला जातो. त्याचे चार भाग पडतात. एक मोठा एकेरी भाग, साधारण ८०,००० ते ९०,००० अक्षरांचा. एक छोटा एकेरी भाग, बहुधा २०,००० च्या आसपास. या दोघांच्या मध्ये दोन बाजूंना एकमेकांचे उलट प्रतिबिंब असलेले दोन भाग, प्रत्येकी साधारण २५,०००. यांना इन्व्हर्टेड रिपीट म्हणतात. पुढे आपण त्यांना ‘उलट जोडी’ म्हणू.

पहिले दोन पूर्ण हरितलवक जीनोम १९८६ साली प्रसिद्ध झाले, एक तंबाखूचा आणि दुसरा मार्कान्शिया या लिव्हरवर्टचा (शेवाळासारख्या दिसणाऱ्या छोट्या वनस्पतीचा). नागपूरकरांना जवळचा वाटेल असा जीनोम कापसाचा. तो २००६ साली आला. लांबी १,६०,३०१ अक्षरे, वेगवेगळी जनुके ११२ आणि उलट जोडीत दोनदा येणारी १९ धरून एकूण १३१. कापूस आणि मुरुडशेंग आज एकाच माल्व्हेसी कुळात मोडतात. जुन्या पुस्तकांत मुरुडशेंग स्टर्क्युलिएसी कुळात सापडेल, तर त्याने गोंधळू नका. त्यामुळे तुमच्या जीनोमची लांबी १,६०,००० च्या आगेमागे यायला हवी, हा अंदाज कामाला लागण्यापूर्वीच हाताशी असतो.

या कामाचा उपयोग काय, हा प्रश्न घरचे आणि अनुदान देणारे दोघेही विचारतात. मुरुडशेंग औषधी बाजारात वाळलेल्या, कधी भरडलेल्या रूपात विकली जाते. भुकटीची ओळख पटवायला डीएनए लागतो. आरबीसीएल आणि मॅट-के ही दोन जनुके २००९ साली वनस्पतींचा मुख्य बारकोड (जात ओळखण्याचा ठरावीक डीएनए तुकडा) म्हणून सुचवली गेली, पण जवळच्या जातींमध्ये ती अनेकदा कमी पडतात. पूर्ण जीनोम हाती असला की कोणता तुकडा वेगळेपणा दाखवतो ते नेमके शोधता येते. एक मर्यादा मात्र सुरुवातीलाच समजून घ्या. बहुतेक सपुष्प वनस्पतींत हरितलवक आईकडूनच येते. दोन जातींचा संकर झाला असेल, तर बापाची बाजू या जीनोमात दिसणार नाही.

कुठून, केव्हा, कोणाच्या परवानगीने

काम सुरू करण्यापूर्वी जेनबँक या सार्वजनिक अनुक्रम-संग्रहात या जातीचे नाव टाकून काय काय उपलब्ध आहे ते पाहा. कोणीतरी आधी जीनोम दिलेला आढळला तरी हातपाय गाळू नका. आपल्या भागातला, ओळख पक्की असलेला दुसरा नमुना तुलनेसाठी तितकाच मोलाचा असतो.

राखीव वनातून पाने घ्यायची असतील तर संबंधित उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात लेखी अर्ज करा. पेंच, बोर किंवा उमरेड-कऱ्हांडला यांसारख्या संरक्षित क्षेत्रात वन्यजीव विभागाची वेगळी परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो. मुरुडशेंग सर्वत्र आढळत असल्याने संरक्षित क्षेत्रात शिरायची गरजच नाही, असे माझे मत आहे. गावच्या हद्दीतून घेत असाल तर तिथल्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला आधी सांगा. कायद्याची सक्ती असो वा नसो, ज्यांच्या रानातून आपण घेतो त्यांना ते माहीत असले पाहिजे. महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचे मुख्यालय नागपुरातच आहे, शंका असेल तर तिथे विचारता येते. नमुना किंवा डीएनए परदेशी पाठवायचा असेल अथवा परदेशी संस्था सोबत असेल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम लागू होतात. देशातच सिक्वेन्सिंग करून घेणे त्यापेक्षा कितीतरी सोपे.

आता वेळ. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा हे झुडूप बहुतेक निष्पर्ण असते. मृगाच्या सरींनंतर नवी पालवी येते. शेंड्याकडची कोवळी, पूर्ण उघडलेली पण अजून मऊ असलेली पाने आपल्याला हवी असतात. कोवळ्या पानात पेशी दाटीने असतात आणि चिकटा, टॅनिन कमी. अडचण अशी की जुलैत फूल किंवा फळ मिळेलच याची खात्री नसते, आणि त्यांच्याशिवाय ओळख पक्की करणे धोक्याचे. याच रानात धामणीच्या जातभाईंची, म्हणजे ग्रेविया प्रजातीची झुडपे असतात. तीही आता माल्व्हेसीतच आहेत, त्यांच्याही पानांवर ताऱ्यासारखी लव असते आणि कडा दातेरी असतात. नुसत्या पानावरून फसायला वेळ लागत नाही.

म्हणून एकच झुडूप ठरवा आणि त्याच्याकडे दोनदा जा. पालवीच्या वेळी डीएनएसाठी पाने घ्या आणि झुडपाला पत्र्याची क्रमांकपट्टी सैलसर बांधा. फुलोऱ्यात किंवा शेंगा धरल्यावर त्याच झुडपाची फांदी हर्बेरियमसाठी (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहासाठी) घ्या. पाने अनेक झुडपांची एकत्र करू नका. एक नमुना म्हणजे एक झुडूप.

फांदी नीट दाबून, वाळवून, कागदावर चढवून मान्यताप्राप्त हर्बेरियममध्ये जमा करा. तुमच्या विद्यापीठाचे हर्बेरियम चालेल किंवा पुण्याचे भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागाचे. तिथून मिळालेला व्हाउचर (जमा केलेल्या नमुन्याचा) क्रमांक शेवटपर्यंत या जीनोमसोबत राहिला पाहिजे. पुढे कोणाला शंका आली, जातीचे नाव बदलले, एका जातीच्या दोन झाल्या, तर तो कागद उघडून पाहता येतो. व्हाउचर नसलेला जीनोम म्हणजे पत्ता नसलेले पत्र.

पान वाळवणे

तोडलेले पान जितके लवकर वाळेल तितका डीएनए शाबूत राहतो. चहाच्या रिकाम्या कागदी पिशवीत किंवा कॉफीच्या गाळणकागदात पाने ठेवा, पिशवीवर पेन्सिलीने क्रमांक लिहा आणि ती सिलिका जेल भरलेल्या झिपच्या पिशवीत बुडवा. पानांच्या वजनाच्या किमान दहापट जेल घ्या. मोठी पाने मधली शीर सोडून फाडून टाकली तर लवकर वाळतात. चोवीस तासांत पान बोटात कुरकुरीत मोडले पाहिजे.

पावसाळ्यातल्या दमट हवेत जेल पिशवी उघडताक्षणी ओलावा ओढते, त्यामुळे रंग बदलणारे जेल थोडे मिसळून ठेवा. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असते आणि ते आरोग्याला घातक आहे, म्हणून नारिंगी घ्या. रंग उतरला की जेल बदलायचे. वापरलेले जेल ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर काही तास तापवले की पुन्हा कामाला येते. पाने उन्हात, ओव्हनमध्ये किंवा इस्त्रीने वाळवू नका. अल्कोहोलमध्ये बुडवून आणलेली पानेही या कामाला बरी नसतात.

डीएनए काढणे: खरी कसोटी

भेंडी चिरताना हाताला लागतो तोच चिकटा इथेही आहे, कारण भेंडी याच कुळातली. हा चिकटा म्हणजे लांबलचक शर्करासाखळ्या. त्या डीएनएसोबत विरघळतात, डीएनएसोबतच खाली बसतात आणि पुढच्या रसायनांना नीट काम करू देत नाहीत. तयार किट थेट वापरले तर त्यांचा स्तंभच तुंबतो. माझ्या मते अशा झुडपांसाठी सॉर्बिटॉलची धुवण आणि त्यानंतर जास्त मिठाचे सीटॅब (पेशी फोडून डीएनए सोडवणारे डिटर्जंट) ही जोडी सगळ्यांत भरवशाची आहे. खर्चही कमी.

धुवणीचे द्रावण असे: १०० मिलीमोलर ट्रिस (पीएच ८), ०.३५ मोलर सॉर्बिटॉल, ५ मिलीमोलर ईडीटीए, १ टक्का पीव्हीपी. सीटॅबचे द्रावण: १०० मिलीमोलर ट्रिस (पीएच ८), ३ मोलर सोडियम क्लोराइड, ३ टक्के सीटॅब, २० मिलीमोलर ईडीटीए, १ टक्का पीव्हीपी. दोन्हींत बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल १ टक्का, पण ते वापराच्या वेळीच मिसळायचे आणि फ्यूम हूडमध्येच. त्याची वाफ विषारी असते. हूड नसेल तर ही पायरी ज्या प्रयोगशाळेत हूड आहे तिथे जाऊन करा.

वाळलेले पान २० ते ३० मिलिग्रॅमच घ्या. जास्त पान म्हणजे जास्त डीएनए असे वाटते, पण इथे जास्त पान म्हणजे जास्त चिकटा. पीठ जितके बारीक तितके बरे. द्रवनायट्रोजन मिळाला तर उत्तम. तो जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी वापरला जातो, त्यामुळे पशुवैद्यक संस्थांमध्ये चौकशी केली तर पुरवठादार कळतो. नाही मिळाला तरी सिलिकात कडक वाळलेले पान स्वच्छ खलबत्त्यात किंवा धातूच्या गोळ्या घातलेल्या नळीत छान बारीक होते.

पिठावर १ मिलिलिटर धुवणीचे द्रावण घाला, जोरात हलवा आणि २,५०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या २,५०० पट) वर पाच मिनिटे फिरवा. वरचे पाणी ओतून टाका. पहिल्या खेपेला ते घट्ट आणि ताणले जाणारे असेल. पुन्हा धुवा, पुन्हा फिरवा. पाणी पातळ आणि बरेचसे स्वच्छ दिसेपर्यंत हे करत राहायचे. या वेळी डीएनए केंद्रकात आणि लवकात बंद असतो, तो तळाशी पिठातच राहतो आणि चिकटा निघून जातो. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण घाई करायची जागा ही नव्हे.

मग ६५ अंशांवर तापवलेले सीटॅब द्रावण ७०० मायक्रोलिटर घाला आणि नळी ६५ अंशांच्या वॉटर बाथमध्ये पाऊण तास ठेवा, अधूनमधून हलके उलटी-सुलटी करा. डिसेंबर-जानेवारीत काम करणाऱ्यांसाठी सूचना: नागपूरची थंडी पडली की सीटॅबचे द्रावण रात्रीत पांढरे होऊन साका धरते. ते खराब झालेले नसते. गरम करून पूर्ण विरघळवा आणि मगच मोजून घ्या. याच कारणासाठी सीटॅब असलेली नळी बर्फात ठेवायची नाही आणि सेंट्रिफ्यूजही खोलीच्या तापमानाला चालवायचे.

नळी खोलीच्या तापमानाला आली की तितकेच क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल (२४:१) घाला. क्लोरोफॉर्म ६१ अंशांना उकळते, त्यामुळे गरम नळीत ओतले तर झाकण उडते. दहा मिनिटे हळुवार हलवून १२,००० जी वर दहा मिनिटे फिरवा. वरचा थर नव्या नळीत घ्या, मधल्या पांढऱ्या सायीला टिप लावू नका. वरचा थर टिपेत ओढताना तार धरत असेल तर धुवण कमी पडली आहे. अशा वेळी त्यात आणखी सीटॅब द्रावण घालून पातळ करा आणि क्लोरोफॉर्मची पायरी पुन्हा करा. एरवीही ती दोनदा केलेली चांगली.

वरच्या थरात दोन-तृतीयांश आकारमानाचे थंड आयसोप्रोपेनॉल घालून उणे २० अंशांवर तासभर ठेवा, फिरवा, तळाशी बसलेला साका ७० टक्के इथेनॉलने दोनदा धुवा. मीठ खूप वापरले आहे, म्हणून दुसरी धुवण टाळू नका. साका वाळवताना पूर्ण कोरडा ठणठणीत करू नका, नाहीतर विरघळत नाही. १० मिलीमोलर ट्रिसमध्ये ५० मायक्रोलिटरात विरघळवा, आरएनेज घालून ३७ अंशांवर अर्धा तास ठेवा. तळाशी काचेसारखा पारदर्शक, न विरघळणारा गोळा राहिला तर तो चिकटा आहे. पुन्हा फिरवा, वरचे द्रव घ्या, गोळा टाकून द्या.

तपासणी तीन तऱ्हांनी करा. ०.८ टक्के अॅगरोज जेलवर वरच्या बाजूला एक ठसठशीत पट्टा दिसला पाहिजे, खालपर्यंत पसरलेला धूर नको. नॅनोड्रॉपवर (प्रकाश शोषणावरून डीएनए मोजणाऱ्या यंत्रावर) २६०/२८० चे गुणोत्तर १.८ च्या जवळ आणि २६०/२३० चे २ च्या जवळ हवे. दुसरा आकडा १ च्याही खाली असेल तर शर्करा किंवा फिनॉल उरले आहेत. प्रमाण मात्र क्युबिटवरच (डीएनएला चिकटणाऱ्या चमकत्या रंगाने मोजणाऱ्या यंत्रावर) मोजा. नॅनोड्रॉप आरएनए आणि इतर कचराही डीएनएमध्ये मोजतो. क्युबिटप्रमाणे अर्धा ते एक मायक्रोग्रॅम असला की निश्चिंत.

किती सिक्वेन्सिंग मागवायचे

पूर्वी आधी हरितलवके वेगळी काढत, मग त्यांचा डीएनए. आता त्याची गरज नाही. पानाच्या एकूण डीएनएचे उथळ सिक्वेन्सिंग करायचे. एका पेशीत केंद्रक एकच, पण हरितलवक जीनोमच्या प्रती शेकडो-हजारोंनी असतात, त्यामुळे आलेल्या तुकड्यांत हरितलवकाचे तुकडे बहुधा ५ ते २० टक्के असतात.

हिशेब करून पाहा. ३ गिगाबेस म्हणजे ३०० कोटी अक्षरे. त्यातली ५ टक्केच हरितलवकाची धरली तरी १५ कोटी. त्यांना १,६०,००० ने भागले तर जीनोमचे प्रत्येक अक्षर सरासरी ९०० हून अधिक वेळा वाचले जाते. जुळणीला १०० वेळाही पुरते. म्हणून इल्युमिना यंत्रावरच्या १५० अक्षरांच्या जोडतुकड्यांचा (एकाच तुकड्याची दोन्ही टोके वाचलेल्यांचा) ३ ते ५ गिगाबेस डेटा मागवा आणि लायब्ररीतील (सिक्वेन्सिंगसाठी तयार केलेल्या डीएनएतील) तुकड्याचा आकार ३५० च्या आसपास ठेवायला सांगा. १० गिगाबेसचा आग्रह धरणाऱ्या दरपत्रकाला हरितलवकापुरते तरी नाही म्हणायला हरकत नाही. वाचलेल्या पैशांत दुसऱ्या जंगलातल्या झुडपाचा नमुना बसतो.

सेवा देणाऱ्यांकडून कच्च्या फास्टक्यू फायली (यंत्राने वाचलेले तुकडे आणि त्यांचा दर्जा) मिळतील हे आधीच लेखी घ्या. नुसती ‘जुळवलेली फाइल’ स्वीकारू नका. नमुना उन्हाळ्यात पाठवत असाल तर आठवड्याच्या सुरुवातीला पाठवा, म्हणजे कुरिअरच्या गोदामात रविवार काढावा लागत नाही. सिलिकात वाळलेल्या पानाला मात्र थंड साखळी लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

जुळणी

उबुंटू असलेला, १६ गिगाबाइट रॅमचा संगणक पुरतो. विंडोजवरही लिनक्सची उपप्रणाली चालते. सगळी साधने कोंडा या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनाच्या मदतीने बसवा, एकेक हाताने बसवत बसू नका.

फायली आल्या की आधी दोन प्रती करून एक वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि एमडी५ची बेरीज (फाइल अखंड आहे का हे सांगणारा आकडा) जुळते का पाहा. फास्टक्यूसी चालवून दर्जा बघा, फास्टपीने अडॅप्टर (लायब्ररी बनवताना जोडलेले कृत्रिम तुकडे) आणि कमी दर्जाची टोके छाटा. छाटणी सौम्य ठेवा.

जुळणीला गेटऑर्गनेल हे साधन मी पहिले सुचवेन. त्याला भूचर वनस्पतींच्या प्लास्टिडचा पर्याय सांगा, फेऱ्या १५ आणि के-मरची (जुळणीसाठी तोडलेल्या छोट्या तुकड्यांची) लांबी २१, ४५, ६५, ८५, १०५ अशी द्या. ते आधी हरितलवकाचे तुकडे वेचते, मग त्यांच्या आधाराने आणखी तुकडे वेचते आणि शेवटी स्पेड्सने जुळवते. एवढ्या डेटावर तास-दोन तासांत निकाल येतो. अडला तर नोव्होप्लास्टी वापरून पाहा. त्याला सुरुवातीचे बीज म्हणून कापसाचे आरबीसीएल देता येते.

गेटऑर्गनेलने वर्तुळ पूर्ण झाल्याचे सांगितले की बहुधा दोन अनुक्रम मिळतात आणि नवखे इथे घाबरतात. दोन्ही बरोबर असतात. फरक एवढाच की एकात छोटा एकेरी भाग दुसऱ्याच्या उलट दिशेने आहे. पानात ही दोन्ही रूपे जवळपास सारख्या प्रमाणात असतात. तुलनेसाठी कापसाच्या जीनोमशी दिशा जुळणारे रूप निवडा आणि तसे लिहून ठेवा.

वर्तुळ पूर्ण झाले नाही तर जुळणीचा आलेख बँडेज या आलेख दाखवणाऱ्या साधनात उघडा. एकमेकांना जोडलेले, सारख्या खोलीचे तुकडे हरितलवकाचे. खोली म्हणजे प्रत्येक अक्षर सरासरी किती वेळा वाचले गेले तो आकडा. एका तुकड्याची खोली बाकीच्यांच्या दुप्पट असेल तर ती उलट जोडी आहे, तिच्या दोन्ही प्रती एकावर एक बसल्या आहेत. फारच कमी खोलीचे, कडेला लटकणारे तुकडे बहुधा तंतूकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) जीनोममधले असतात. उत्क्रांतीत हरितलवकाचे तुकडे तंतूकणिकेत आणि केंद्रकात जाऊन बसलेले आहेत, ते खऱ्या तुकड्यांसारखेच दिसतात. खोलीवरूनच ते ओळखू येतात.

निकालावर लगेच विश्वास ठेवू नका

‘वर्तुळ पूर्ण’ हा शब्द पडद्यावर दिसला की बरेच जण पुढे निघतात. माझा सगळ्यांत जास्त आग्रह इथे थांबण्याचा आहे.

सगळे छाटलेले तुकडे तयार जीनोमवर बोटाय-२ किंवा बीडब्ल्यूएने पुन्हा बसवा आणि आयजीव्ही या दर्शक साधनात सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहा. खोली एकदम शून्याकडे घसरली तर तिथे जुळणी चुकली असू शकते. एकदम चढली तर तिथे तंतूकणिकेची प्रत मिसळली असू शकते. उलट जोडीच्या चारही सांध्यांवरून आरपार जाणाऱ्या तुकड्यांच्या जोड्या दिसल्या पाहिजेत. जमेल तर या चार सांध्यांसाठी प्रायमर बनवून पीसीआर आणि सँगर सिक्वेन्सिंगने खात्री करा. खर्च थोडा आणि विश्वास मोठा. उलट जोडीच्या दोन्ही प्रती अक्षरशः सारख्या आहेत का, तेही पाहा.

ए किंवा टी सलग दहा-बारा वेळा येणाऱ्या जागा यादी करून तपासा. हरितलवकात ए-टीचे प्रमाण जास्त असते, जी-सी साधारण ३७ टक्केच, त्यामुळे अशा जागा पुष्कळ. नेमकी किती अक्षरे हे तिथे बहुसंख्य तुकड्यांवरून ठरवा.

आता शेवटची आणि निर्णायक परीक्षा. तुमच्या जीनोममधून आरबीसीएल आणि मॅट-के काढून ब्लास्ट करा, म्हणजे जेनबँकेतल्या अनुक्रमांशी ताडून पाहा. त्यानंतर माल्व्हेसीतले पंधरा-वीस जीनोम उतरवा: कापूस, भेंडी, कोको, काटेसावर, ड्युरियन आणि एखादी ग्रेविया. बाहेरचा गट म्हणून अगरूचा जीनोम घ्या. माफ्टने जुळवून आयक्यू-ट्रीने वंशवृक्ष काढा. हेलिक्टेरिस आणि ड्युरियन एकाच उपकुळात मोडतात, म्हणून तुमचे झुडूप ड्युरियनच्या बाजूला बसले पाहिजे. ते ग्रेवियाशेजारी जाऊन बसले, तर संगणकाला दोष देण्याआधी हर्बेरियमचा कागद काढा. पालवीच्या वेळी तोडलेले पान कोणत्या झुडपाचे होते, हे क्रमांकपट्टीच सांगेल.

जनुकांची नोंद

नोंदीसाठी, म्हणजे कोणते जनुक कुठे आहे ते लिहिण्यासाठी, गेसेक हे संकेतस्थळावर चालणारे साधन सोपे आहे. अनुक्रम मोठ्या एकेरी भागाच्या सुरुवातीपासून फिरवून घ्या, म्हणजे ट्रन-एच हे पहिले जनुक येईल आणि त्याच्यामागे पीएसबी-ए. संदर्भ म्हणून कापूस आणि ड्युरियन द्या, टी-आरएनएसाठी टीआरएनएस्कॅनचा पर्याय चालू ठेवा.

यंत्राने केलेली नोंद हा कच्चा खर्डा समजा. आरपीएस-१२ हे जनुक तुकड्यांत विखुरलेले असते, एक तुकडा मोठ्या एकेरी भागात आणि बाकीचे उलट जोडीत. साधने ते हमखास चुकवतात. एनडीएच-डीची सुरुवात अनेक वनस्पतींत एटीजीऐवजी एसीजीने होते, कारण आरएनएवर नंतर दुरुस्ती होते. ते बिघडलेले जनुक नव्हे. उलट इन्फ-ए कापसात कामाचे उरलेले नाही, त्यामुळे तुमच्याकडे ते मोडके किंवा गायब दिसले तर आश्चर्य नको. वायसीएफ-१ सांध्यावर येते, त्याची एक प्रत पूर्ण आणि एक अर्धवट असते. अर्धवट प्रतीला पूर्ण जनुक म्हणून मोजू नका. एखाद्या जनुकात मध्येच थांबा-संकेत आला तर आधी तिथले तुकडे आयजीव्हीत पाहा, मगच ‘छद्मजनुक’ (निकामी जनुक) लिहा. पेट-बी, पेट-डी, आरपीएल-१६ यांचा पहिला एक्झॉन (जनुकातला अर्थवाही तुकडा) अगदी छोटा असतो आणि साधनांच्या नजरेतून सुटतो, तो हाताने लावावा लागतो.

नोंद पक्की झाली की ओजीड्रॉने वर्तुळाकार नकाशा काढा. त्याला पाच मिनिटे लागतात.

जमा करणे

जीनोम, नोंद आणि कच्चे तुकडे तिन्ही सार्वजनिक करा. नोंद केलेला अनुक्रम जेनबँकेत, कच्चा डेटा एसआरए या कच्च्या तुकड्यांच्या सार्वजनिक संग्रहात. फरीदाबादचे भारतीय जैविक विदा केंद्र २०२२ पासून सुरू आहे, तिथेही डेटा ठेवता येतो आणि सरकारी अनुदानावरच्या कामासाठी ते आधी विचारून घ्यावे. अर्जात वेचणीची तारीख, जिल्हा, अक्षांश-रेखांश, व्हाउचर क्रमांक आणि हर्बेरियमचे नाव एकही रकाना रिकामा न ठेवता भरा. मुरुडशेंग सर्वत्र असल्याने नेमकी जागा देण्यात धोका नाही. दुर्मिळ झुडपाच्या बाबतीत मात्र जागा तालुक्यापर्यंतच सांगा, कारण मुळासकट उपटून नेणारेही हे रकाने वाचतात.

प्रसिद्धीपर्यंत नोंद गुप्त ठेवायची तारीख मागता येते. लेख छापून आला की ती उघडायला सांगा, विसरू नका.

उरलेला डीएनए उणे २० अंशांवर आणि उरलेली पाने ताज्या सिलिकात, दोन्हींवर व्हाउचर क्रमांक लिहून ठेवा. याच डेटात केंद्रकातल्या राइबोसोमल डीएनएचे तुकडेही भरपूर आलेले असतात. गेटऑर्गनेलमध्ये त्यांचा वेगळा पर्याय आहे. तो चालवून १८एस-५.८एस-२६एस हा पट्टा काढून घ्या आणि जीनोमसोबत जमा करा. हा पट्टा आई-बाप दोघांकडून येतो, त्यामुळे हरितलवक जिथे गप्प राहते त्या संकराच्या प्रश्नावर तो बोलू शकतो.